ताऱ्यांचा त्रिकोण : चौकटीतील अक्षराची चिकित्सा

ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत 'टर्बो सी'च्या निळ्या पडद्यावर तारकाचिन्हांचा त्रिकोण काढणे हा दीर्घकाळ परिपाठ होता. पडदा बदलला, त्रिकोण टिकला. एकात एक दोन लूप, आधी रिकाम्या जागा, मग चिन्हे. आकृती उमटली की जर्नलवर सही होते. चिन्हाकडे मात्र कोणी पाहत नाही, हाच या अभ्यासातील मुख्य उणेपणा होय.

याउलट, युनियन बँकेत नोकरी करीत टंकलेखन यंत्रावर चित्रे साकारणारे मुंबईचे चंद्रकांत भिडे यांची व्यक्तिचित्रे पाहावीत. कोणते चिन्ह कागदावर किती शाई ठेवते, यावर तेथे छायेची घनता ठरते. चिन्ह मोजले जाते तसे पाहिलेही जाते.

त्रिकोणात तारकेच्या जागी 'क' ठेवल्यास प्रश्न उघड होतो. अनेक एडिटरांत 'क' रिकाम्या जागेहून रुंद उमटतो आणि आकृती उजवीकडे कलते. असा कललेला त्रिकोण चूक न ठरवता प्रात्यक्षिकाचा विषय व्हावयास हवा. कारण 'एक चिन्ह, एक घर' हे गृहीतक मुळात रोमन टंकयंत्राचा वारसा आहे. 'क्षि' हे वाचकाला एक अक्षर, युनिकोडला मात्र चार संकेत : क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी, यूटीएफ-८मध्ये १२ बाइट. मराठी मजकुरासाठी आज्ञावली लिहू पाहणारा विद्यार्थी नेमका येथेच अडखळतो. 'किरण' हा शब्द संकेतक्रमाने उलटा छापल्यास 'णरकि' न उमटता 'णरिक' उमटते.