पुराव्याचे माणूसपण : ‘कमला’ नाटकातील व्यवसायनीतीचा प्रश्न

१

व्यवसायनीतीचा प्रश्न साहित्यात येतो तेव्हा त्याची मांडणी बहुधा ठरलेली असते. एका बाजूला सचोटीने काम करणारा डॉक्टर, वकील किंवा संपादक आणि दुसऱ्या बाजूला पैसा, सत्ता अथवा लोकमत, असा हा सामना असतो. इब्सेनच्या ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’ (१८८२) या नाटकातील डॉ. स्टॉकमन गावच्या स्नानगृहांतले पाणी दूषित असल्याचे उघड करू पाहतो आणि गाव त्याच्यावर उलटते. सत्यजित राय यांनी ‘गणशत्रू’ (१९८९) या चित्रपटात हाच पेच बंगालमधील एका देवळाच्या तीर्थाशी जोडला. अशा कृतींतील नायकाला मोठी किंमत मोजावी लागते, हे खरे. पण योग्य काय, याविषयी त्याच्या मनात संशय नसतो आणि आपल्याही मनात नसतो. त्याच्या धैर्याची परीक्षा होते, विवेकाची फारशी होत नाही.

याहून अवघड असा एक पेच आहे. हेतू चांगला आहे, अंगी धैर्य आहे, व्यवसायाने घालून दिलेली कसोटीही सांभाळलेली आहे, आणि तरीही त्या कामातूनच एखाद्या माणसावर अन्याय घडतो. अशा वेळी जबाबदारी कोणाची? विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांचे ‘कमला’ (१९८१) हे नाटक मला या प्रश्नाचे मराठीतील एक महत्त्वाचे उदाहरण वाटते. या नाटकाची चर्चा प्रामुख्याने स्त्रीच्या दास्याच्या अंगाने झाली. ती चर्चा योग्यच आहे. मात्र तिच्यामुळे नाटकाच्या पायाशी असलेला पत्रकाराच्या व्यवसायाचा प्रश्न केवळ पार्श्वभूमी म्हणून उरला. प्रस्तुत लेखात तो पुन्हा मध्यभागी आणण्याचा प्रयत्न आहे.

२

नाटकाची प्रेरणा प्रत्यक्ष घटनेत आहे. १९८१ साली ‘इंडियन एक्स्प्रेस’ या दैनिकाचे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी स्त्रियांची खरेदी-विक्री चालते हे सिद्ध करण्यासाठी स्वतः एक स्त्री विकत घेतली आणि तिची हकिकत प्रसिद्ध केली. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांच्या व्यापाराला मनाई केलेली असताना तो व्यापार उघडपणे चालू आहे, हे या वृत्तान्ताने वाचकांसमोर आणले. शोधपत्रकारितेच्या दृष्टीने हे मोठे काम होते.

तेंडुलकरांनी या घटनेतील सांगाडा घेतला आणि त्यात एक घर उभे केले. दिल्लीच्या नीतिबागेत राहणारा जयसिंग जाधव हा इंग्रजी दैनिकातील नावाजलेला पत्रकार बिहारमधील लुहारडग्याच्या बाजारातून अडीचशे रुपयांना कमला नावाची आदिवासी स्त्री विकत घेऊन येतो. घरात त्याची पत्नी सरिता आहे, मोलकरीण कमलाबाई आहे आणि सरितेचे काका काकासाहेब पाहुणे म्हणून आलेले आहेत. वर्तमानपत्रातील बातमी जेथे संपते तेथे हे नाटक सुरू होते असे म्हणता येईल. विकत आणलेल्या माणसाला निजायला जागा कोठे द्यायची, खायला काय द्यायचे, ती काही विचारू लागली तर उत्तर काय द्यायचे, हे प्रश्न बातमीत येत नाहीत. घरात मात्र ते टाळता येत नाहीत.

तेंडुलकरांनी स्वतः ‘मराठा’ आणि ‘लोकसत्ता’ या दैनिकांत काम केले होते. त्यामुळे पत्रकारितेविषयी येथे बाहेरच्या माणसाचा उपहास नाही. सतत वाजणारा दूरध्वनी, कोणाचा निरोप आला याची जयसिंगने मागितलेली नोंद, निनावी धमक्या, वेळ गाठण्याची घाई, हे सारे त्या जगाच्या माहितगाराने टिपलेले आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये वकिलीत न जमलेला सुखात्मे आणि त्याचे सोबती न्यायालयाचा खेळ मांडतात आणि त्या खेळातून लीला बेणारे या शिक्षिकेची शिकार करतात. तेथे व्यवसायाचे केवळ सोंग होते. ‘कमला’मध्ये सोंग नाही. जयसिंग आपल्या कामात खरोखर निष्णात आहे, आणि म्हणूनच येथील प्रश्न अधिक खोल जातो.

३

जयसिंगला ढोंगी ठरवले की नाटक सोपे होते. अनेक प्रयोगांत आणि समीक्षणांत ते तसे झालेही आहे. पण संहिता नीट वाचली तर त्याने पत्करलेला धोका खोटा नाही, हे लक्षात येते. गुलाम म्हणून माणूस विकत घेणे हा तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेनुसार गुन्हा होता. म्हणजे पुरावा मिळवताना त्याने स्वतःला आरोपीच्या जागी नेऊन ठेवले होते. कीर्तीचा मोह त्याला आहे. पण त्या मोहामुळे स्त्रियांच्या बाजाराचे सत्य असत्य ठरत नाही.

त्याचा नैतिक पेच नेमका कोठे आहे हे एका लहानशा प्रसंगातून दिसते. कमलाला आंघोळ घालावी, धडके लुगडे द्यावे, असे सरितेला वाटते. घरी आलेल्या कोणत्याही बाईविषयी घरच्या बाईला हेच वाटेल. जयसिंग मात्र ते होऊ देत नाही. पत्रकार परिषदेत ती जशी आहे तशीच, फाटक्या वस्त्रांत दिसली पाहिजे. तिला परिषदेची पूर्वकल्पनाही द्यायची नाही, कारण मग तिच्या वागण्यातला खरेपणा जाईल.

येथे जयसिंगचे तर्कशास्त्र निर्दोष आहे, हे मान्य केले पाहिजे. पुरावा होता तसा राखणे हा शोधपत्रकारितेचा नियमच आहे. नाहून-माखून, नव्या लुगड्यात आलेली कमला पुरावा म्हणून दुबळी ठरली असती. व्यवसायाचा नियम आणि माणुसकीचा साधा आचार हे येथे समोरासमोर येतात आणि दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. जयसिंगचा दोष असा की त्याला हा पेच पेच म्हणून जाणवतच नाही. नियम हाताशी असल्यामुळे निवड करावी लागते आहे, याचेच भान त्याला उरलेले नाही. व्यवसायाची शिस्त माणसाला कितीदा विवेकापासून सुटका देते, याचे इतके घरगुती आणि इतके अचूक चित्र मराठी नाटकात मला क्वचितच आढळले आहे.

या संदर्भात अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ (१९७७) कादंबरीतील दिगू टिपणीसची आठवण होणे स्वाभाविक आहे. जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये केलेल्या चित्रपटाची पटकथा तेंडुलकरांचीच होती. दिगू सत्तेच्या सर्व दालनांत वावरतो, सारे जाणतो आणि त्या जाणण्याचे काही करू शकत नाही. चित्रपटाच्या अखेरीस तर त्या ज्ञानाच्या भाराखाली त्याचे मनच ढळते. दिगू पाहतो आणि थांबतो. जयसिंग पाहतो आणि हात घालतो. नीतीच्या दृष्टीने जयसिंगची जागा अधिक अवघड आहे, कारण न करण्याचा दोष आणि करण्यातून उद्‌भवणारा दोष यांत दुसरा ओळखणे कठीण असते. सत्कार्याचा प्रकाशच तो दिसू देत नाही.

४

पत्रकार परिषद रंगमंचावर घडत नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ती आपल्याला कळते ती परिषद आटोपून, मद्य घेऊन, आनंदात परतलेल्या जयसिंग आणि त्याचा मित्र जैन यांच्या बोलण्यातून. कमलाला कसले अश्लील प्रश्न विचारले गेले, सभागृह कसे हसले, हे ते रंगवून सांगतात. सरिता ऐकते आणि तिच्याबरोबर आपणही ऐकतो. परिषद प्रत्यक्ष दाखवली असती तर प्रेक्षागृहातील आपण त्या हसणाऱ्या बातमीदारांच्याच रांगेत बसलो असतो. नाटककाराने तो मोह टाळला.

परंतु त्याने तो पूर्णपणे टाळला का? रंगमंचावर तीच फाटक्या लुगड्यातली कमला आहे. तिकीट काढून आलेला प्रेक्षक तिच्याकडे पाहतो आहे. मध्यरात्री ती सरितेला विचारते की तुला केवढ्याला घेतले, आणि सरिता सातशे रुपये असे उत्तर देते. मग कमला दोघींनी घरकाम आणि महिन्याचे दिवस वाटून घेण्याची व्यवस्था सुचवते. हा प्रसंग नाटकाचा कळस मानला जातो आणि तो तसा आहेच. पण या प्रसंगाचे फळ कोणाला मिळते? सरितेला. आपणही या घरातील दासीच आहोत, ही जाग तिला येते. कमला महिलाश्रमात पोचवली जाते. सरिता तिच्यासाठी नवऱ्याशी वाद घालते, पण तिचे काही चालत नाही. जयसिंगच्या हाती कमला पुरावा झाली. नाटकाच्या रचनेत ती सरितेच्या जागृतीचे निमित्त झाली. हेतू वेगळे आहेत, उंचीही वेगळी आहे, पण माणसाचा साधन म्हणून होणारा उपयोग दोन्हीकडे आहे.

काकासाहेबांच्या पात्रातून तेंडुलकर दुसरी एक व्यवसायनीती मांडतात. ते एक छोटे मराठी पत्र जुन्या निष्ठेने चालवतात. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्या भाषेत का लिहीत नाही, हा त्यांचा जयसिंगला प्रश्न आहे आणि तो आजही टोचणारा आहे. मात्र त्यांनाही नाटककार सवलत देत नाही. सरिता आपले दुःख मांडते तेव्हा आपणही पत्नीशी याहून वेगळे वागलो नाही, ही जगाची रीतच आहे, अशी कबुली ते देतात. सार्वजनिक जीवनातील शुचिता घराच्या उंबरठ्यावर थांबते, हे दोन्ही पिढ्यांविषयी खरे ठरते.

५

नाटकाच्या उत्तरार्धाविषयी माझा मतभेद आहे. वरच्या दबावामुळे मालक जयसिंगला कामावरून काढून टाकतो आणि गुलाम विकत घेणारा स्वतःच मालकाचा गुलाम होता हे उघड होते. ही कलाटणी नाट्यदृष्ट्या परिणामकारक आहे आणि बऱ्याच समीक्षकांनी तिची प्रशंसाही केली आहे. मला तिच्यात एक पळवाट दिसते. ज्या क्षणी जयसिंग बळी ठरतो त्या क्षणी त्याची जबाबदारी सैल होते. सहानुभूती त्याच्याकडे वळते, सरिताही आपले बंड तूर्त बाजूला ठेवून कोसळलेल्या नवऱ्याजवळ थांबते. दास्याची साखळी वरपर्यंत गेलेली आहे, हे सामाजिक सत्य खरेच. पण साखळीतील प्रत्येक जण बांधलेला आहे असे म्हटले की कोणी काही चुकले असे म्हणता येत नाही. आणि या साऱ्या गदारोळात आश्रमात गेलेली कमला नाटकाच्या विचारातूनही जवळजवळ नाहीशी होते. तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न शेवटच्या प्रसंगाच्या केंद्रस्थानी नाही.

हे मला फार उशिरा दिसले आणि तेही माझ्या वाचनातून दिसले नाही. पदव्युत्तर वर्गाला हे नाटक मी अनेक वर्षे शिकवले. एका वर्षी मागच्या बाकावरच्या, एरवी गप्प असणाऱ्या विद्यार्थिनीने विचारले, “सर, नाटकाचे नाव ‘कमला’ आहे, मग परीक्षेत प्रत्येक वेळी प्रश्न सरितेवरच का येतो?” वर्ग हसला. मीही हसलो आणि प्रतीकात्मकतेविषयी काहीतरी बोललो. घरी आल्यावर जुन्या प्रश्नपत्रिका काढून पाहिल्या. सरितेचे व्यक्तिचित्रण, सरितेचे परिवर्तन, जयसिंग आणि सरिता यांची तुलना. कमला आली होती ती एका टिपेपुरती, ‘दास्याचे प्रतीक’ म्हणून. त्यांतील निम्म्याहून अधिक प्रश्न माझ्याच अक्षरात होते.

समीक्षा हादेखील एक व्यवसाय आहे. तिलाही पुरावा लागतो, तिलाही आपला पुरावा मूळ अवस्थेत, आपल्या मुद्द्यापुरता हवा असतो. पीडित माणसाचे प्रतीक झाले की त्याच्याविषयी लिहिणे सोयीचे होते, कारण प्रतीकाला भूक लागत नाही आणि उद्या कोठे राहायचे हेही त्याला ठरवावे लागत नाही. जयसिंगला दोष देणारे माझे व्याख्यान त्याच्याच पद्धतीने उभे होते, हे मला त्या मुलीच्या प्रश्नाने दाखवले.

यावर कोणी म्हणेल की कमला हे कल्पित पात्र आहे, तिच्यासंबंधी समीक्षकाची जबाबदारी ती कसली? हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण वाचनाच्या सवयी पुस्तकापुरत्या राहत नाहीत. जो विद्यार्थी कमलाला एका टिपेत संपवायला शिकतो तो उद्या बातमीदार, वकील, डॉक्टर किंवा अधिकारी होतो. समोरच्या माणसाकडे प्रकरण म्हणून पाहायचे की माणूस म्हणून, याचे काही शिक्षण त्याला आमच्या वर्गातही मिळालेले असते.

तेंडुलकरांनी या पेचावर तोडगा दिलेला नाही आणि तो त्यांच्याकडे मागणेही योग्य नाही. जयसिंगने कमलाला बाजारातच सोडून यायला हवे होते असे कोणी म्हणणार नाही. बातमी छापू नये असेही म्हणणार नाही. नाटक एवढेच दाखवते की व्यवसायाच्या दृष्टीने काम जेथे पुरे होते, तेथे ज्याच्या आधाराने ते झाले त्या माणसासंबंधीचे देणे सुरू होते. ते देणे कोणत्याही आचारसंहितेत पूर्णपणे लिहिता येत नाही. सरितेने आंघोळीसाठी पाणी काढू पाहिले तेव्हा तिला ते कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतरच्या वर्षी मी प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न घातला : पत्रकार परिषद संपल्यानंतर कमलाविषयी कोणाची कोणती कर्तव्ये उरतात, याची नाटकाच्या आधारे चर्चा करा. बहुतेकांनी तो पर्यायात सोडून दिला. ज्या थोड्यांनी सोडवला त्यांच्या उत्तरांत एकवाक्यता नव्हती, आणि एकाचेही उत्तर मार्गदर्शिकेतून उतरवलेले नव्हते.