नव्याण्णव सेंटांचे गाणे

२८ एप्रिल २००३ रोजी ॲपल कंपनीने अमेरिकेत आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडले आणि संगीताच्या बाजारात एक सुटसुटीत हिशेब आला : एक गाणे ९९ सेंटांना, बहुतेक ध्वनिमुद्रिका ९.९९ डॉलरना. १९९९ साली नॅपस्टर निघाल्यापासून फुकटच्या गाण्यांची चटक लागलेल्या श्रोत्याला या दुकानाने कायद्याच्या वाटेवर आणले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्याने नेमके काय विकले, याची चिकित्साही व्हावयास हवी.

प्रथम मालाचा दर्जा पाहू. सीडीवर दर सेकंदास सुमारे १,४११ किलोबिट इतकी ध्वनीची माहिती साठविलेली असते. आयट्यून्सच्या गाण्यात ती १२८ किलोबिट होती; म्हणजे जेमतेम अकरावा हिस्सा. मोठ्या स्वराच्या सावलीतला मंद स्वर कानाला जाणवत नाही, या तत्त्वावर हे संकोचन चालते आणि त्यामागील बुद्धिमत्ता वाखाणण्याजोगी आहे. आगगाडीत बसून, कानात बोंडे घालून लोकप्रिय गीत ऐकणाऱ्याला फरक सहसा कळणार नाही. मात्र झांजेची थरथर, टाळ्यांचा कडकडाट, हार्पसिकॉर्डच्या तारेचा टोकदार आघात या अशा संकोचनाच्या कसोटीच्या जागा. तेथे स्वराची कड बोथट होते.

याहून मोठी हानी मोजमापाने केली. या दुकानाच्या लेखी सारे संगीत म्हणजे ‘गाणे’. बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे आरंभीची व अखेरची धून धरून बत्तीस तुकडे होतात, सुटे घेतले तर ९९ सेंटांच्या दराने त्यांचे ३१.६८ डॉलर होतील. बेथोव्हनची पाचवी सिंफनी चार भागांची. तिचे चार डॉलरही होत नाहीत. याच सिंफनीत तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो. नगाऱ्याच्या दबक्या ठोक्यांतून वाढत गेलेला अंधार एकाएकी प्रकाशात फुटतो, तो क्षण म्हणजे साऱ्या रचनेचा प्राण. सप्टेंबर २००६ पर्यंत आयपॉडवर दोन तुकड्यांच्या मध्ये क्षणभर शांतता पडत असे. संगीतकाराने जेथे श्वास घेऊ दिला नाही, तेथे यंत्राने उसासा टाकला!

तिसरा मुद्दा कुलपाचा. विकत घेतलेले गाणे ठराविक संगणकांवरच वाजे. आयट्यून्सने निदान साध्या सीडीवर उतरवून घेण्याची मुभा ठेवली होती. पण कुलपाचे खरे रूप अन्यत्र दिसले. २००८ मध्ये याहूने आपले संगीताचे दुकान मिटताना किल्ल्या पुरविणारी यंत्रणाही थांबविण्याचे जाहीर केले. ओरड झाल्यावर भरपाई देऊ केली, हे खरे. तरी पैसे मोजलेली वस्तू दुसऱ्याच्या मर्जीवर आपली असते, हा धडा ग्राहकाला मिळालाच.

येथे आमचा मुख्य आक्षेप आहे. ज्याने सीडीची चोरटी नक्कल केली, त्याच्या हाती बिनकुलपाचे आणि हवे तेवढे सकस संगीत पडले. ज्याने प्रामाणिकपणे दाम मोजले, त्याला पातळ केलेले आणि बेडी घातलेले मिळाले. प्रामाणिकपणावरच दंड बसविणारा व्यवहार फार काळ टिकत नाही. व्यापाऱ्यांनाही ते उमगले. मे २००७ मध्ये ईएमआयच्या संग्रहातील गाणी बिनकुलपाची व २५६ किलोबिटांची होऊन १.२९ डॉलरना मिळू लागली. जुन्या गिऱ्हाइकाने प्रत्येक गाण्यामागे आणखी ३० सेंट भरावेत, अशी सोय झाली. ‘सोय’ हा शब्द आम्ही नाइलाजाने वापरतो, कारण आपलेच गाणे सोडवून आणण्याची ती खंडणी होती. २००९ साली सर्वच गाण्यांची कुलुपे निघाली आणि ६९, ९९ व १२९ सेंट असे तीन दर आले.

आपल्या देशात हे दुकान डिसेंबर २०१२ मध्ये आले, म्हणजे कुलूप निघाल्यावर. त्याच वर्षी आरंभी फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ नावाने रास्त दरात गाणी विकावयास काढली होती. जून २०१३ मध्ये ते दुकान मिटले. चहाच्या पेल्याच्या मोलाचे गाणेही आम्हांला महाग वाटले काय? दुकानदाराचे दोष आम्ही वर मोजले आहेत. पण त्यांनी आमच्या फुकटेपणाचे समर्थन होत नाही. गायकाचा रियाझ आणि वादकाची रात्र यांचे ऋण कोणी तरी फेडावेच लागते.

आज परिस्थिती पालटली आहे. जून २०२१ पासून ॲपलच्या वर्गणीच्या सेवेत सीडीच्या तोडीचे, काहीही न गाळलेले संगीत जादा पैशांवाचून ऐकावयास मिळते. वर्गणी थांबली की मात्र ते संगीतही थांबते. बॅण्डकॅम्पसारख्या ठिकाणी अखंड दर्जाचे गाणे विकत घेऊन कायमचे जवळ ठेवता येते. आमचा कौल या दुसऱ्या वाटेला आहे. पूर्ण दाम घ्यावे, पूर्ण स्वर द्यावा आणि गाणे घेणाऱ्याच्या स्वाधीन करावे. वीस वर्षांच्या या खटाटोपातून व्यापाराने एवढे शिकले तरी पुरे.