महाराष्ट्राची वनस्पतिसूची : अद्ययावतीकरणाच्या परंपरेची चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्या प्रदेशात कोणकोणत्या वनस्पती वाढतात याची यादी करणे हे काम वरकरणी कारकुनी स्वरूपाचे वाटते. जुनी यादी घ्यावी, नवीन शोधांची भर घालावी, बदललेली नावे दुरुस्त करावीत आणि ग्रंथ छापावा, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्राच्या वनस्पतिसूचीचा गेल्या पावणेदोन शतकांचा इतिहास तपासला असता हा समज टिकत नाही. ‘अद्ययावत’ या शब्दाखाली तीन वेगवेगळे व्यवहार एकत्र कोंबले गेले आहेत. प्रदेशाची सीमा ठरविणे हा पहिला, नोंदीचा पुरावा तपासणे हा दुसरा आणि नाव निश्चित करणे हा तिसरा. यांपैकी तिसऱ्या व्यवहारावर जेवढे परिश्रम झाले, तेवढे पहिल्या दोहोंवर झालेले दिसत नाहीत. महाराष्ट्रातील सूचिग्रंथांची चिकित्सा या अंगाने करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रॅहम ते कुक

मुंबई व तिच्या परिसरातील वनस्पतींची पहिली विस्तृत सूची जॉन ग्रॅहम यांनी तयार केली. ग्रॅहम हे टपाल खात्यातील अधिकारी होते. ग्रंथाची छपाई चालू असतानाच १८३९ मध्ये खंडाळा येथे त्यांचे निधन झाले आणि उरलेला भाग जोसेफ निम्मो यांनी पुरा केला. आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींबरोबर लागवडीखालील आणि बाहेरून आणलेल्या वनस्पतीही या सूचीत आहेत. आजच्या शास्त्रीय शिस्तीला हा दोष वाटेल. तथापि एखादी विदेशी वनस्पती या भूमीत केव्हा आली हे शोधणाऱ्या अभ्यासकाला तोच ग्रंथ सर्वांत उपयोगी पडतो. डालझेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये निघाला. दोघांचाही वनखात्याशी संबंध होता. घाटमाथ्यावरील प्रत्यक्ष भटकंतीचा अनुभव त्यांच्या वर्णनांतून जाणवतो.

यानंतरचा टप्पा थिओडोर कुक यांचा. मूळचे अभियंते असलेले कुक पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या पिढ्यान् पिढ्या या ग्रंथावर वाढल्या. त्याचे महत्त्व केवळ वर्णनांच्या नेमकेपणात नाही. कुक प्रत्येक जातीखाली स्थळ देतात, संग्राहकाचे नाव देतात आणि ज्याचा नमुना स्वतः पाहिला त्या नावापुढे उद्गारचिन्ह टाकतात. वुड्रो, कानिटकर, भिवा अशी नावे पानोपानी त्या चिन्हासह आढळतात. हे छोटेसे चिन्ह म्हणजे साक्षीदाराची सही आहे. ते नसेल तेथे माहिती ऐकीव किंवा अन्य ग्रंथातून घेतलेली आहे, हे वाचकाला आपोआप कळते. पुढील शतकात निघालेल्या कितीतरी याद्यांना ही साधी प्रामाणिक खूण पेलली नाही. (कानिटकर आणि भिवा यांच्याविषयी ग्रंथात आडनाव वा नाव यापलीकडे काही सापडत नाही, हेही त्या काळाला धरूनच झाले.)

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९५८ मध्ये कुक यांचा ग्रंथ तीन खंडांत पुन्हा छापला. हे पुनर्मुद्रण होते, पुनर्लेखन नव्हते. दुर्मीळ झालेला ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती आला हा लाभ मोठाच. परंतु पन्नास वर्षांपूर्वीची यादी त्यामुळे आजची यादी म्हणून वापरली जाऊ लागली. पुनर्मुद्रणाच्या दोन वर्षे आधी, १९५६ मध्ये, पुण्यातून गाजरगवताची नोंद प्रसिद्ध झाली होती. आज माळरानापासून रेल्वेमार्गापर्यंत सर्वत्र माजलेल्या या तणाचा कुक यांच्या ग्रंथात मागमूस नाही, आणि अर्थातच पुनर्मुद्रणातही नाही. कुकनंतर ब्लॅटर आणि मॅकॅन यांनी १९२६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात काही कुलांची फेरतपासणी हाती घेतली. १९३४ मध्ये ब्लॅटर यांचे निधन झाले आणि त्या उपक्रमातून गवतांवरील एक उत्तम ग्रंथ १९३५ मध्ये हाती आला. संपूर्ण सूचीची फेरतपासणी मात्र राहून गेली.

सीमेचा प्रश्न

कुक यांची ‘प्रेसिडेन्सी’ आणि १ मे १९६० रोजी अस्तित्वात आलेला महाराष्ट्र यांच्या सीमा जुळत नाहीत. कुक यांच्या प्रदेशात सिंध आहे, गुजरात आहे, कारवार आणि धारवाड आहे. विदर्भ आणि मराठवाडा नाही. विदर्भ मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, मराठवाडा निजामाच्या राज्यात. म्हणजे महाराष्ट्राच्या सूचीचा पाया म्हणून जो ग्रंथ मानला जातो, त्यात महाराष्ट्राचा फार मोठा भूभाग मुळातच नाही. मराठवाड्याची सर्वांगीण सूची व्ही. एन. नाईक यांनी १९९८ मध्ये दोन खंडांत सिद्ध केली, तोवर त्या भागाविषयी सामान्य अभ्यासक अंदाजानेच बोलत असे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांचे नाते सह्याद्रीपेक्षा मध्य भारताशी व गोदावरीच्या खोऱ्याशी अधिक जवळचे आहे. तेथील नोंदी कुक यांच्या चौकटीत बसवण्याचा प्रयत्न झाला की त्या उपऱ्या वाटू लागतात.

कुक स्थळे देताना ‘कोकण’, ‘दख्खन’, ‘दक्षिण महाराष्ट्र देश’ असे विभाग वापरतात. यांपैकी शेवटच्या विभागातील वनस्पती आज कोल्हापुरात आहे की बेळगाव-धारवाडात, हे नुसत्या ग्रंथावरून ठरत नाही. डालझेल यांच्या काही नोंदी रामघाट आणि चोर्ला घाटाच्या आहेत. चोर्ला घाटात महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक हाकेच्या अंतरावर येतात. अशी नोंद तिन्ही राज्यांच्या सूचींत घेता येते किंवा एकाही सूचीत न घेता सोडता येते, आणि दोन्ही प्रकार घडले आहेत.

जिल्हा हे एकक स्वीकारल्याने प्रश्न सुटला असे मानले गेले. प्रत्यक्षात तो नव्या रूपात उभा राहिला. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्यापूर्वी सावंतवाडीच्या जंगलात गोळा केलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘जि. रत्नागिरी’ असेच लिहिलेले असणार. चंद्रपूरमधून गडचिरोली १९८२ मध्ये, धुळ्यातून नंदुरबार १९९८ मध्ये, भंडाऱ्यातून गोंदिया १९९९ मध्ये आणि ठाण्यातून पालघर २०१४ मध्ये निघाला. मूळ नमुन्यावरील गावाचे नाव न पाहता केवळ छापील जिल्हा उतरवून घेतला, तर एखादी वनस्पती जेथे कधीच नव्हती त्या जिल्ह्यात उगवते. अशा कागदी वनस्पती महाराष्ट्राच्या याद्यांत बऱ्याच आहेत. त्या उपटून काढण्याला कोणी संशोधन म्हणत नाही, म्हणून ते काम सहसा होत नाही.

एका राज्याचे दोन ग्रंथ

संपूर्ण महाराष्ट्राचा स्वतंत्र विचार करणारे ग्रंथ अखेर १९९६ मध्ये निघू लागले, आणि तेही एकदम दोन. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने त्या वर्षी शर्मा, कार्तिकेयन व सिंग यांच्या संपादनाखाली एकदल वनस्पतींचा खंड काढला. द्विदलांचे दोन खंड २००० व २००१ मध्ये आले. त्याच १९९६ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहाच्या आधारे एम. आर. आल्मेडा यांच्या ‘फ्लोरा ऑफ महाराष्ट्र’ या मालिकेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. एका राज्याच्या वनस्पतींवर दोन समर्थ संस्थांनी एकाच वर्षी दोन स्वतंत्र मालिका सुरू कराव्यात, हे वैभवाचे लक्षण खचित नव्हे. पुण्याचा संग्रह आणि मुंबईचा संग्रह परस्परांना पूरक आहेत. दोन्ही एकत्र तपासले जाते, तर वर सांगितलेल्या संदिग्ध नोंदींपैकी पुष्कळशा त्याच वेळी निकाली निघाल्या असत्या. आल्मेडा यांनी अनेक ठिकाणी स्वतंत्र बुद्धीने नावे बदलली. सर्वेक्षणाचा ग्रंथ तुलनेने सावध आहे. परिणामी एकाच रोपाला दोन ग्रंथांत दोन नावे आढळतात. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून काम करणाऱ्या विद्यार्थ्याला कोणते नाव का स्वीकारावे याचे उत्तर दोहोंपैकी कोठेही मिळत नाही.

तरीही सर्वेक्षणाच्या खंडांचे मोल कमी लेखता येत नाही. ओळखतक्ते, वर्णने, फुलण्याचा काळ व जिल्हावार आढळ असे सर्व एकत्र देणारा राज्यपातळीवरील ग्रंथ त्याआधी नव्हता. त्याची खरी उणीव प्रसिद्धीनंतरची आहे. शेवटचा खंड निघाल्यावर लगेच भर पडू लागली. श्री. रं. यादव व मि. म. सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याचा ग्रंथ २००२ मध्येच आला. कंदीलपुष्पाच्या वंशातील सेरोपेजिया मोहनरामी ही जाती २००६ मध्ये सिंधुदुर्गातून वर्णिली गेली. एरिओकॉलॉन पार्व्हिसेफॅलम ही त्याच जिल्ह्यातील इवलीशी जाती २०२० मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी प्रकाशात आणली. हे सर्व शोध निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले आहेत. दर पाच वर्षांनी एक पुरवणी, एवढी माफक व्यवस्थाही राज्याच्या सूचीसाठी उभी राहू शकली नाही.

नावांचा गोंधळ आणि मोजणीचा मोह

बाभूळ कुक यांच्या ग्रंथात अकेशिया अरेबिका आहे, नंतरच्या ग्रंथांत अकेशिया निलोटिका झाली. २००५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातील जातींकडे गेले आणि २०११ मध्ये मेलबर्न येथे त्यावर शिक्कामोर्तब झाले. त्यामुळे बाभूळ आता व्हॅचेलिया आणि खैर सेनेगॅलिया. बांधावरच्या बाभळीला अर्थातच याचा पत्ता नाही. शेतकरी मात्र तिच्यातच रामकाठी वेगळी ओळखतो आणि ती नांगरासाठी राखतो.

शिंदळ माकुडी या वनस्पतीचे उदाहरण अधिक बोलके आहे. डालझेल यांनी १८६५ मध्ये जुन्नर परिसरातील नमुन्यावरून तिचे वर्णन केले आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने ‘फ्रेरिया’ हा स्वतंत्र वंश स्थापिला. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर वाढणारी, एकाच जातीचा वंश असलेली ही वनस्पती महाराष्ट्राच्या प्रदेशनिष्ठ वनस्पतींत मानाची ठरली आणि १९७८ च्या आंतरराष्ट्रीय ‘रेड डेटा बुक’मध्येही तिचा समावेश झाला. पुढे तिला कॅरालुमात, मग बूसेरोसियात घातले गेले आणि २०१७ पासून काही वर्गीकरणतज्ज्ञ या संपूर्ण समूहालाच सेरोपेजियात विलीन करतात. रेणवीय पुराव्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. मात्र महाराष्ट्राच्या खात्यावरून एक प्रदेशनिष्ठ वंश वजा झाला, आणि शिवनेरीच्या कड्यावरची झाडे होती तेथेच आहेत. ‘राज्यात इतके वंश, इतक्या जाती’ अशा आकड्यांवर ग्रंथाची थोरवी मोजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे. (मराठीत तर ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ यांचाच अदलाबदल चालतो, वृत्तपत्रातील आकडा नेमका कशाचा हे अनेकदा उमगत नाही.)

आज जगातील वनस्पतींची स्वीकृत नावे क्यू येथील उद्यानाच्या संकेतस्थळावर क्षणात मिळतात. त्यामुळे जुनी यादी घेऊन तिच्यातील नावे बदलणे हेच ‘अद्ययावतीकरण’ म्हणून सर्रास प्रसिद्ध होते. ज्या रोपाची ओळखच मुळात चुकली होती, त्याला अशा पद्धतीने अद्ययावत चुकीचे नाव मिळते. तपासणी नमुन्याची हवी. ती करण्यासाठी डालझेल आणि कुक यांचे मूळ नमुने पाहण्यास पूर्वी क्यूपर्यंत जावे लागे. आता त्यांपैकी पुष्कळांची छायाचित्रे उपलब्ध झाली असल्याने तीही सबब उरलेली नाही.

यादीबाहेरच्या वनस्पती

या सर्व चर्चेला व्यवहारात किंमत आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय आघाताचे मूल्यांकन करताना प्रकल्पक्षेत्रातील वनस्पतींची यादी जोडावी लागते. कोकणातील कातळसडे वर्षातील आठ महिने उजाड दिसतात. पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत तेथे गेंद, सीतेची आसवे, कवला यांचे ताटवे उमलतात आणि विरून जातात. उन्हाळ्यात पाहणी करणारा मनुष्य छापील जिल्हासूची समोर ठेवूनच यादी पुरी करतो. त्या सूचीत सड्यावरील जाती नसेल तर ती प्रकल्पाच्या कागदावरही नसते आणि खाणीसाठी तो सडा ‘पडीक’ ठरतो. सिंधुदुर्गात अलीकडे वर्णिलेल्या जातींना त्यांच्या शोधापूर्वी या कागदांवर स्थान मिळणे शक्यच नव्हते.

दुसऱ्या टोकाला २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी होणारी लोकजैवविविधता नोंदवही आहे. तिच्यात स्थानिक नावे आहेत, उपयोग आहेत, झाड नेमके कोणत्या ओढ्यालगत आहे ही माहिती आहे. नमुना मात्र बहुधा नाही. ‘कुडा’ एवढेच लिहिले असेल तर तो औषधी पांढरा कुडा की काळा कुडा, हे कळावयास मार्ग राहत नाही. दोन्ही निरनिराळ्या वंशांचे आहेत आणि बाजारात एकाच्या बियांत दुसऱ्याच्या बियांची भेसळ होते. कुक यांनी आपल्या ग्रंथात देशी नावे आवर्जून नोंदविली होती. ती कोणत्या गावची, कोणत्या समाजाच्या बोलीतील, हे त्यांनी लिहिले नाही, आणि नंतरच्या बहुतेक ग्रंथांनी ती तशीच उतरवून घेतली. नोंदवहीतील नावाशेजारी त्याच झाडाचा एक वाळवलेला नमुना क्रमांक घालून नजीकच्या महाविद्यालयात ठेवला, तर या दोन याद्या प्रथमच एकमेकींशी पडताळून पाहता येतील. ग्रामीण भागातील अनेक महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत विद्यार्थी दरवर्षी परीक्षेसाठी असे नमुने करतात आणि निकाल लागल्यावर ते रद्दीत जातात.