धारपांची ‘आजी’

अंजनगाव सुर्जीत आमच्या घरामागे पानमळा होता. नारायण धारप (१९२५–२००८) वाचले की त्या बाजूची खिडकी लावूनच मी झोपत असे. पुढे समीक्षा लिहू लागलो आणि ‘उसने भय’ असा शेरा मारून त्यांना बाजूला सारले. शेऱ्याला आधार होता. ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर (१९७५) बेतलेली, ‘आजी’ ही कथा त्याच्याच ‘ग्रॅमा’वर.

आज तो शेरा मला अपुरा वाटतो. किंगच्या कथेतला मुलगा आजीला आधीपासूनच घाबरतो. आपल्याकडे अंधाराला भ्यालेले मूल आजीच्याच कुशीत शिरते. ‘आजी’ हे शीर्षकच तो शेवटचा आसरा काढून घेते. धारपांच्या समर्थकथांत निदान रक्षणकर्ता असतो. इथे रक्षणकर्त्याच्याच जागी भय बसले आहे.

‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाने नाव पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतले, पण त्यातली शापित म्हातारी धारपांच्या ‘आजी’च्या वंशातली आहे. उसनवारी नोंदवणे समीक्षकाचे काम खरेच. त्या उसन्या बियाण्यातून इथल्या मातीत काय उगवले, हे पाहायचे मात्र मी टाळले होते.