बनी तो बनी

मराठवाड्यात पावसाचा दुष्काळ पडतो, पाण्याचा पडतो, एखाद्या वर्षी चाऱ्याचाही पडतो. पण टीकाकारांचा दुष्काळ पडल्याचे कुणी ऐकले नसेल. आपल्याकडे कवितेवर टीका होते, नाटकावर होते, गाण्यावर तर गवई तंबोरे जुळवत असतानाच सुरू होते. लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा कसा झाला होता यावर आचवायच्या आत दोन पक्ष पडलेले असतात. एवढ्या मोठ्या समीक्षेच्या राज्यात एकच प्रजाजन मोकाट सुटलेला आहे, तो म्हणजे छापील पाककृती लिहिणारा लेखक.

आता असे पाहा. कविता कळली नाही तर आपण कवीला दुर्बोध म्हणतो. नाटक पडले तर नाटककाराला धरतो, तो सापडला नाही तर नटाला धरतो. पण छापील कृती वाचून केलेला पदार्थ बिघडला, तर कृती लिहिणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. सगळे घर करणारणीकडे वळते आणि म्हणते, "तुझ्या हातालाच चव नाही." लेखकाच्या चुकीची शिक्षा वाचकाला होते असा हा जगातला एकमेव वाङ्मयप्रकार असावा. शिवाय इथे वाचकाचे मैदा, तूप आणि साखर जाते ते वेगळेच. म्हणून म्हटले, आपण या प्रांतात थोडी समीक्षा करून पाहावी.

मासला म्हणून ‘लेमन बार’ नावाची एक कृती घेतो. मूळची अमेरिकेची. १९६२ साली शिकागोच्या ट्रिब्यून दैनिकात ती पहिल्यांदा छापून आली असे सांगतात. पदार्थ दुमजली आहे. खाली लोण्यात मळलेल्या पिठाचा खुसखुशीत थर, वर लिंबाचा आंबटगोड, मऊ थर, आणि गच्चीवर पिठीसाखर भुरभुरवलेली. थंड करून त्याच्या वड्या पाडायच्या. ‘वड्या’ हा चांगला घरगुती शब्द असताना ‘बार’ कशाला, हे मला कळले नाही. आमच्या आत्याबाईंना कानाने कमी ऐकू येते. त्यांनी नेमका ‘बार’ एवढाच शब्द ऐकला आणि "या घरात आता बारसुद्धा निघायला का?" म्हणून त्या माळ घेऊन आत निघून गेल्या.

ही कृती आमच्या घरात एका पुरवणीतून आली. पुरवणीचे नाव सांगत नाही, कारण पुरवणीनेही लिहिणाऱ्याचे नाव सांगितले नव्हते. वहिनींनी ती कापून फ्रीजच्या दारावर चिकटवली. दिवाळीत त्यांच्याकडे नवा ओव्हन आला होता आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या आमच्या गावच्या घोषणेवर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. अमेरिकेला जमते ते परभणीला का जमू नये?

पहिलेच वाक्य होते : ‘ओव्हन ३५० अंशांवर तापवून घ्यावा.’ खरे म्हणजे परभणीच्या माणसाला तपमानाचे आकडे सांगून घाबरवता येत नाही. इथल्या वेधशाळेचा आकडा पेपरात हिवाळ्यात थंडीसाठी छापून येतो आणि उन्हाळ्यात उकाड्यासाठी. पण ३५० म्हणजे फारच झाले. वहिनींनी मला हाक मारली.

"भाऊजी, याचा काटा अडीचशेच्या पुढं जाईना की."

काटा बिचारा कुठून जाणार? मूळ कृतीतले ३५० अंश फॅरनहाइटचे होते. आपल्या हिशेबाने ते १७५ सेल्सियसच्या आसपास भरतात. अनुवाद करणाराने आकडा जसाच्या तसा उचलला आणि अंश कुणाचे ते अमेरिकेतच ठेवून दिले. पुढे याहून सुंदर वाक्य होते : ‘त्यात लोण्याची एक काडी घालावी.’ काडी! दात कोरायची, उदबत्तीची, आगपेटीची, अशा सगळ्या काड्या डोळ्यांपुढून सरकल्या. अमेरिकेत लोणी लांबट कांडीच्या आकारात विकतात आणि एका कांडीचे वजन ११३ ग्रॅम असते, ही माहिती वाचकाला पूर्वजन्मातून आठवावी अशी लेखकाची अपेक्षा असावी.

तरीही खालचा मजला उभा राहिला, आणि त्याचे श्रेय कृतीला नव्हे, वहिनींना आहे. कृतीत ‘शॉर्टब्रेड’ हा शब्द होता. त्याचा अर्थ दिलेला नव्हता. इंग्रजीत ‘शॉर्ट’ म्हणजे आखूड हे आपण शाळेत शिकलो. पण पिठाच्या बाबतीत त्याचा अर्थ खुसखुशीत असा होतो. पिठाच्या कणांना आधी लोण्याचा लेप बसला की त्यांच्यात चिवट धागे तयार होत नाहीत, आणि भाजलेला पदार्थ तोंडात भुगा होतो. थोडक्यात, मोहन! शंकरपाळ्यात, करंजीत, चिरोट्यात जे मोहन घालून आपल्या आज्या गेल्या, तेच हे. स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडचे पिढीजात प्रमाण एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ असे आहे. वहिनींनी वाचले आणि म्हणाल्या, "अहो, ही तर नानकटाईच!"

नानकटाईच. ज्यांचे बालपण ओव्हनच्या आधीचे आहे त्यांना आठवत असेल, दिवाळीच्या आधी घरातून मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायची पद्धत होती. तिथे आपला नंबर लागेपर्यंत बसायचे, आपला ट्रे दुसऱ्याच्या ट्रेमध्ये मिसळत नाही ना यावर डोळा ठेवायचा, आणि गरम नानकटाईचा डबा पोटाशी धरून घरी यायचे. वाटेत डबा हलका व्हायचा. त्यामुळे वहिनींनी काडीचा नाद सोडला आणि हाताच्या अंदाजाने तूप घातले. तेही थोडे कमी. लोण्यात सोळा-सतरा टक्के पाणी असते आणि तुपात नसते. तेव्हा शंभर ग्रॅम लोण्याच्या जागी ऐंशी ग्रॅम तूप पुरते. हे वहिनींना कुठल्या पुस्तकाने शिकवलेले नाही. काटाही त्यांनी अडीचशेवरून स्वतःच्या जबाबदारीवर खाली आणला होता. टीकाकाराच्या भाषेत सांगायचे तर वाचकाने इथे लेखकाला सांभाळून घेतले.

वरच्या मजल्यावर मात्र सांभाळून घ्यायला जागाच नव्हती. कृती म्हणत होती : चार अंडी, दीड कप साखर, दोन लिंबांचा रस आणि दोन चमचे सालीचा कीस. वाचायला किती सोपे! पण अमेरिकेचे ‘लेमन’ आणि आपले लिंबू यांचे नाते सासऱ्याच्या गावच्या माणसाइतकेच आहे. लेमन चांगले लांबट, जाड सालीचे, पिवळेधमक फळ. एकाचा रस साधारण तीन मोठे चमचे निघतो. आपले कागदी लिंबू सुपारीपेक्षा मोठे आणि चेंडूपेक्षा लहान. पिळून पिळून एखादा मोठा चमचा, नशीब असेल तर थोडा वर. म्हणजे सहा चमचे रस हवा तिथे दोन-अडीच चमचे पडला. साखर मात्र दीड कप, तीनशे ग्रॅम, अमेरिकेच्या हिशेबाने. सालीची कथा तर आणखी करुण. लेमनची साल जाड असते म्हणून तिचा वरचा पिवळा, सुवासिक पापुद्रा किसून घेता येतो. आपल्या लिंबाला कागदी म्हणतात ते त्याची साल कागदासारखी पातळ म्हणूनच. तिच्यावरून किसणी दोनदा फिरली की खालचा पांढरा, कडू भाग आलाच.

पदार्थ तयार झाला. दादांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि विचारले, "ऑम्लेटमध्ये साखर कामून घातली?" मुलांनी पिठीसाखर चाटून बाकीचे ताटलीत ठेवले. आत्याबाई अंडे खात नाहीत, त्यामुळे त्यांनी चव न घेताच मत दिले; पुस्तक न वाचता परीक्षण लिहिण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. त्या म्हणाल्या, "सूनबाई, हाताला सवय नसली की असंच होतं बघ."

इथे मला टीकाकार म्हणून उठून उभे राहावेसे वाटले. हात? त्या हाताने फॅरनहाइटचे सेल्सियस केले, काडीचे तूप केले, नानकटाई साधली. चूक होती ती ‘दोन लिंबे’ या दोन शब्दांत. आणि ही चूक कुठल्या गावात वाचली जावी? परभणीत! इथे १९७२ साली कृषी विद्यापीठ निघाले. आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. कागदी लिंबाचे प्रमालिनी आणि विक्रम हे वाण याच विद्यापीठातले. झाडाला लिंबे एकेकटी न धरता घोसाने धरतात ही त्यांची ख्याती. इथेच १९७६ साली अन्नतंत्र महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे लिंबू म्हणजे काय हे ज्या गावाने शास्त्राने ठरवायचे, त्या गावातल्या बाईने एका निनावी अनुवादाच्या नादाने नापास व्हायचे!

मराठीत पाककृती लिहिणारी माणसे नव्हती असे नाही. रामचंद्र सखाराम गुप्त्यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले आणि वाटी-चमच्याचे माप घरोघर गेले. वाटीची थोरवी अशी की ती प्रत्येक घरी वेगळी असली तरी प्रमाण बिघडत नाही. तुमची वाटी मोठी असेल तर पीठही जास्त, तूपही जास्त. नानकटाई तीच, फक्त पाहुणे दोन वाढवा. अर्थात टीकाकाराने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अंडे काही वाटीप्रमाणे लहानमोठे होत नाही आणि लिंबूही होत नाही. जिथे नग मोजायचे तिथे वाटी हात टेकते. अशा वेळी लिहिणाऱ्याने नग कुठला, कुठल्या झाडाचा, आणि रस किती हवा, हे लिहायला पाहिजे. ‘लिंबाचा रस अर्धी वाटी’ एवढे लिहिले असते तरी आमच्या घरातला तो अपमान टळला असता.

गंमत म्हणजे आपल्या लिंबाचा अमेरिकेतला सख्खा भाऊ लेमन नव्हेच. फ्लोरिडाच्या दक्षिणेला बेटांची एक माळ आहे, तिथल्या लिंबाला ‘की लाइम’ म्हणतात. ते आणि आपले कागदी लिंबू ही जात एकच. आशियातून अरबांबरोबर पश्चिमेला आणि मग स्पॅनिश लोकांबरोबर समुद्रापार असा त्याचा प्रवास झाला. त्या बेटांवर ताजे दूध दुर्मीळ होते, म्हणून तिथल्या बायकांनी डब्यातल्या आटवलेल्या गोड दुधात हे लिंबू पिळले. अशा दुधाचे पेटंट बॉर्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १८५६ साली घेतले होते. आंबट पडले की दुधातली प्रथिने आपली आपण घट्ट होतात. दूध फाटल्यावर कपाळाला हात लावायचा की टाळी वाजवायची, हे शेवटी डबा कुठला यावर आहे.

मी हे वहिनींना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पण आठवडाभराने, पावसाच्या दिवसांत, परत ओव्हन पेटला. पावसाळा मुद्दाम. कागदी लिंबाचे निम्म्याहून जास्त पीक याच सुमाराला येते आणि उन्हाळ्यात, जेव्हा सगळ्या गावाला सरबत हवे असते, तेव्हा ते हात आखडून घेते. २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा रुपयांना गेले होते. तेव्हा आठ लिंबांची वडी करणाऱ्याची लोकांनी चौकशी केली असती. खाली तीच नानकटाई, वजनाने तीन भाग मैदा, दीड भागाला किंचित वर तूप, एक भाग पिठीसाखर. आधी एकटी वीसेक मिनिटे भाजलेली. वर चारशे ग्रॅम गोड दुधाचा डबा, आठ लिंबांचा रस आणि अर्धी वाटी चक्का. चक्का ही वहिनींची भर, फ्लोरिडाला ती सुचली नसती. १७५ अंशांवर पंधरा मिनिटे, मग गार करून रात्रभर फ्रीजमध्ये. अंडे नाही, सालीचा कीस नाही.

सकाळी वड्या पडल्या. धारदार, पांढऱ्या, चाकूला न चिकटणाऱ्या. आत्याबाईंना ‘लिंबाच्या वड्या’ म्हणून दिल्या. त्यांनी एक खाल्ली, मग दुसरी उचलली, आणि म्हणाल्या, "लिंबू जरा कमी चाललं असतं." आमच्या घराण्यात याहून मोठा पुरस्कार नाही.

आमच्याकडे एक म्हण आहे : बनी तो बनी, नहीं तो परभणी. माणसाने आपल्या नशिबाविषयी ती म्हणावी, त्यात शहाणपण आहे. पण पाककृती लिहिणाऱ्याने ती वाचकाच्या भरवशावर म्हणू नये. जमले तर कृती उत्तम आणि बिघडले तर परभणीच्या बाईचा हात वाईट, हा न्याय नव्हे. लिहिणाऱ्याने आधी मंडईत जाऊन एक लिंबू पिळून पाहावे, मग लेखणी उचलावी.

ते कात्रण अजून आमच्या फ्रीजच्या दारावर आहे. वहिनींनी ‘३५०’ खोडून ‘१७५’ केले आहे, ‘काडी’पुढे उद्गारचिन्ह काढले आहे, अंड्यांची ओळ पूर्ण मारली आहे. ‘दोन लिंबे’ खोडून वर लिहिले आहे : ‘आठ. आपली.’ मराठीत एवढी नेमकी समीक्षा माझ्या वाचनात दुसरी नाही.