दगड कोणाच्या नावाचा?

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जब्या शेवटी दगड भिरकावतो. २०१४ च्या फेब्रुवारीत कल्याणात तो पाहताना मला वाटले, याचा रोख गावातल्या उच्चवर्णीयांवर आहे. दोन महिन्यांनी, २८ एप्रिलला, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात १७ वर्षांच्या नितीन आगेचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. खून करून आत्महत्येचा देखावा रचला, असा आरोप होता. भरदिवसाच्या मारहाणीचे अनेक साक्षीदार न्यायालयात फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मग पोराला मारले कोणी? कोडे झाडापाशी नाही, बघणाऱ्यांच्या जिभेवर आहे. समीक्षक त्या दगडाला प्रतीक म्हणतात. माझ्या मते ते साक्षीचे समन्स आहे आणि ते बघणाऱ्याच्या, म्हणजे माझ्याही नावाचे आहे.