वैराचं पुढे काय होतं? जिन योंग वाचताना

"तू मारामारीच्या कादंबऱ्या वाचतेस?" बस्तीतून बाहेर पडताना आमच्या स्वाध्याय मंडळातल्या एका काकूंनी मला विचारलं. प्रश्नात नवल होतं, थोडी काळजीही होती. मी लेखकाचं नाव सांगितलं तेव्हा त्या एकदम खुलल्या. "जिन? मग आपल्यातलाच की!" त्यांना समजावून सांगावं लागलं, की हा जिन वेगळा. चिनी भाषेत या अक्षराचा अर्थ सोनं. लेखकाचं खरं नाव जा ल्यांगयोंग. त्यातलं शेवटचं 'योंग' हे अक्षर मधोमध तोडलं की दोन वेगळी अक्षरं होतात, जिन आणि योंग. आपल्याच नावाचे दोन तुकडे करून त्यांनी टोपणनाव घेतलं.

काकूंची शंका मात्र मनात राहिली. ज्या घरात पाणी गाळून पितात, मुंगी दिसली तर झाडू बाजूला ठेवतात, त्या घरातल्या बाईनं तलवारी आणि विषारी बाणांच्या गोष्टींत एवढं का रमावं? हा लेख म्हणजे काकूंना, आणि खरं तर मला स्वतःलाच, दिलेलं उत्तर आहे.

सुरुवात लेकीमुळे झाली. टाळेबंदीत ती घरी होती. सूर्यास्ताआधी जेवणं उरकली की ती लॅपटॉप उघडून चिनी मालिका लावायची, खाली इंग्रजी अक्षरं. मी भाजी निवडत बाजूला बसायची. आठ दिवसांनी भाजी तशीच राहायला लागली. मग मी पुस्तकं शोधली. जिन योंग यांची एक गाजलेली कादंबरी, गरुडवीरांची कथा, २०१८ ते २०२१ या काळात चार खंडांत इंग्रजीत आली, ती वाचली. बाकीचं हौशी वाचकांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरांतून वाचलं. म्हणजे माझं वाचन दुसऱ्या हातचं आहे, हे आधीच सांगते. मूळ भाषेची गोडी मला कळलेली नाही. कथा आणि माणसं मात्र कळली.

या प्रकाराला चिनीत 'वूश्या' म्हणतात. 'वू' म्हणजे युद्धकला आणि 'श्या' म्हणजे दुबळ्याच्या मदतीला धावून जाणारा वीर. या वीरांच्या जगाला 'च्यांगहू' म्हणतात, शब्दशः नद्या आणि सरोवरं. राजाच्या कायद्याबाहेरचं, गुरू, पंथ, शपथा आणि सूड यांच्यावर चालणारं हे जग.

जिन योंग यांचा जन्म १९२४ चा, च-च्यांग प्रांतातल्या हायनिंग गावचा. घर सुखवस्तू, विद्वानांचं आणि जमीनदारांचं. १९४८ मध्ये वर्तमानपत्राच्या नोकरीसाठी ते हाँगकाँगला गेले. पुढच्या वर्षी चीनमध्ये सत्ता बदलली आणि १९५१ मध्ये त्यांच्या वडिलांना जमीनदार म्हणून मृत्युदंड दिला गेला. मुलगा सरहद्दीच्या अलीकडे, बाप पलीकडे.

१९५५ मध्ये त्यांची पहिली कादंबरी वर्तमानपत्रात रोज थोडी थोडी छापून येऊ लागली. १९५९ मध्ये शाळेतल्या एका मित्राबरोबर त्यांनी 'मिंग पाओ' हे दैनिक काढलं. पेपर चालायचा तर कादंबरी रोज हवी, अग्रलेखही हवा. दोन्ही तेच लिहीत. १९७२ मध्ये शेवटची कादंबरी संपली. लहानमोठ्या १५ कृती लिहून वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी कथालेखन थांबवलं, आणि मग सगळ्या कादंबऱ्या पहिल्यापासून दुरुस्त करायला बसले. ते एकदा करून समाधान झालं नाही, म्हातारपणी पुन्हा एकदा केलं. घाईघाईत केलेलं शिवण उसवून पुन्हा नीट घालणाऱ्या बाईला हे लगेच कळेल.

रोजच्या लिखाणाची एक गंमतही आहे. १९६५ मध्ये ते युरोपला गेले तेव्हा चालू कादंबरी त्यांनी नी ख्वांग या लेखकमित्राकडे सोपवली. या मित्राला त्यातली आझी नावाची दुष्ट पोरगी अजिबात आवडत नव्हती. जिन योंग परत येऊन बघतात तर त्यानं तिला आंधळी करून टाकलेली! पुढे पुस्तक करताना जिन योंग यांनी मित्राचा भाग काढला, पण आझीचं आंधळेपण ठेवलं आणि त्याला कथेत अर्थ दिला. आपल्या हातून न झालेली गोष्टही पदरात घेऊन पुढचं नीट करायचं, हे संसारात आपणही करतोच.

ही कादंबरी १९६३ ते १९६६ मध्ये लिहिलेली, आणि मला सगळ्यांत जवळची. तिचं चिनी नाव बौद्ध सूत्रांतून आलं आहे. देव, नाग, यक्ष, गंधर्व, असुर, गरुड, किन्नर आणि महोरग या आठ योनींवरून. हे वाचताना मी पुस्तक मिटून उठले आणि तत्त्वार्थसूत्राचा चौथा अध्याय काढला. किन्नर, महोरग, गंधर्व, यक्ष हे आपल्याकडे व्यंतर देवांत. असुरकुमार, नागकुमार आणि सुपर्णकुमार भवनवासींत. पाठशाळेत तोंडपाठ केलेली ही नावं कुठल्या कुठे, हाँगकाँगच्या एका वर्तमानपत्रात जाऊन बसली होती. लेखकाला सांगायचं आहे ते आपल्याला परकं नाही. या योनींत सामर्थ्य आहे, पण सुटका नाही. त्याच्या पात्रांचंही तेच. बळ अचाट आहे, आणि तरी राग, मोह आणि वैर सुटत नाही.

तीन नायकांपैकी त्वान यू हा ताली राज्याचा राजपुत्र. हिंसा नको म्हणून तो युद्धकला शिकायलाच नकार देतो आणि घरातून पळून जातो. मारामारीच्या कादंबरीची सुरुवात अशी! पुढे तो मनापासून शिकतो ती पावलं टाकण्याची एक विद्या, तीही वार चुकवून पळता येतं म्हणून. काकूंना मी हाच पहिला सांगितला.

दुसरा शू-जू, भोळा भिक्षू. त्याला आधी फसवून आणि मग जबरदस्तीनं मांस खायला घालतात, त्याची एकेक व्रतं मोडायला लावतात. लेखकानं हे बरंचसं विनोदानं लिहिलं आहे. मला हसू आलं नाही. व्रत मोडल्यावर माणसाच्या मनाचं काय होतं, ते इथं गमतीखाली झाकलं गेलं. ज्यानं व्रत पाळलं आहे त्याला ही जागा टोचेल.

तिसरा श्याओ फंग. त्याच्यासाठी हा लेख लिहिते आहे. सोंग राज्यात शेतकऱ्याच्या घरी वाढलेला, भिकाऱ्यांच्या मोठ्या संघटनेचा प्रमुख, सगळ्यांचा लाडका. एक दिवस भर सभेत उघड होतं, की हा जन्मानं शत्रूचा, सरहद्दीपलीकडचा खितान आहे. काल पाय धरणारे आज तलवार काढतात. यानं आयुष्यभर काय केलं, याची किंमत शून्य. कुणाच्या पोटी जन्मला, एवढंच उरतं. आम्ही सीमाभागातली माणसं. घरात मराठी, बाजारात कन्नड, देवापुढे प्राकृत. "तुम्ही नक्की कुठले?" हा प्रश्न आम्हाला दोन्हीकडून येतो. श्याओ फंगची ती सभा वाचताना माझ्या घशाशी काहीतरी आलं.

तान्हा असताना यानमन खिंडीत, एका खोट्या बातमीवरून, सोंगच्या वीरांनी त्याच्या आईला मारलं होतं. त्या टोळीचा म्होरक्या कोण, हे शोधायला तो निघतो. चुकीची माहिती मिळते आणि रात्री पुलावर तो त्या माणसावर हात चालवतो. वेषांतर केलेली ती त्याची आजू निघते, जिच्याबरोबर सरहद्दीपार जाऊन गुरं-मेंढ्या पाळायचं त्यानं ठरवलं होतं. तो माणूस आजूचा जन्मदाता, म्हणून ती त्याच्या जागी उभी राहिली. वैर न्यायानं का असेना, निघालं की घरातल्याच माणसावर येऊन पडतं. आणि शेवटी कळतं, की श्याओ फंगला वाढवणाऱ्या आईबापांना आणि गुरूला मारणारा दुसरा कुणी नसून त्याचा स्वतःचा बाप आहे. आता सूड कुणावर घ्यायचा?

शाओलिन मठाच्या ग्रंथालयात एक म्हातारा भिक्षू झाडू मारत असतो. लेखकानं त्याला नावही दिलेलं नाही. तो सांगतो, की जितकी घातक विद्या तितकी करुणा मनात हवी, नाहीतर ती विद्या शिकणाऱ्याचंच शरीर आतून पोखरते. मग ज्यानं ती खोटी बातमी पसरवली, त्याला तो एका फटक्यात आडवा करतो आणि श्याओ फंगच्या बापाला विचारतो, आता बरं वाटलं का? तीस वर्षं या क्षणासाठी जगलेल्या त्या बापाला नुसतं रिकामं रिकामं वाटतं. पुढे दोन्ही वैरी एकमेकांचे हात धरून एकमेकांचा आजार बरा करतात आणि त्याच मठात राहतात. दरवर्षी भाद्रपदात आपण क्षमा मागतो, ती बहुतेक वेळा ज्यांच्याशी वैर नाही अशांचीच. हे प्रकरण वाचल्यावर मला ज्या एका माणसाची आठवण आली, त्याला मी अजून फोन केलेला नाही.

शेवटी श्याओ फंग खितान सम्राटाकडून वदवून घेतो, की तो जिवंत आहे तोवर त्याचं सैन्य सरहद्द ओलांडणार नाही. लढाई टळते. पण आपल्या राजाशी द्रोह केला म्हणून तो तिथंच तुटक्या बाणानं स्वतःचा जीव घेतो. आपल्या विचारानं हा आत्मघात, त्याला मी समाधिमरण म्हणणार नाही. दोन्ही बाजूंना जागा न राहिलेल्या माणसासाठी लेखकालाही दुसरी वाट सापडली नाही, हे या थोर कादंबरीचं दुःख आहे आणि माझ्या मते तिची मर्यादाही.

दुसरी मर्यादा बायकांची. वांग यूयान या मुलीला सगळ्या पंथांचे ग्रंथ मुखोद्गत. कोण कुठला डाव टाकतो आहे हे ती बघताक्षणी सांगते. पण स्वतः ती कधीच लढत नाही. सगळं वाचलं ते आतेभावाला उपयोगी पडावं म्हणून. अशा बायका आपण पाहिल्या आहेत. त्यांना सगळं शास्त्र येतं आणि त्या प्रवचनाच्या वेळी मागे बसून वाती वळतात. लेखकानं तिला फार सुंदर रंगवलं, पण तिच्या विद्येचं काय झालं हे विचारलं नाही. आजू मरते, आझी मरते, आणि त्यांच्या मरणानं पुरुषाचं दुःख मोठं होतं. शेवटच्या कादंबरीत तर नायकाला सात बायका. अग्रलेखात सत्तेला जाब विचारणारा माणूस इथं मात्र नजर चुकवतो.

तरीही मी त्यांना मानते, ते एका कबुलीसाठी. १९७६ मध्ये त्यांच्या थोरल्या मुलानं अमेरिकेत शिकत असताना आत्महत्या केली. वय अवघं १९. पुढच्याच वर्षी एका जुन्या कादंबरीची सुधारित आवृत्ती झाली. तीत मुलासारख्या शिष्याचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहणाऱ्या वृद्ध गुरूचं दुःख आहे. पुस्तकाच्या अखेरच्या टिपणात त्यांनी लिहिलं, की ते दुःख आपण फार वरवरचं लिहिलं, कारण तेव्हा आपल्याला ते समजलेलं नव्हतं. लाखो लोक ज्या पानांवर रडले, त्या पानांबद्दल लेखकानं असं म्हणावं! नंतरच्या काळात त्यांनी बौद्ध ग्रंथांचा खोल अभ्यास केला. ऐंशी ओलांडल्यावर केंब्रिजमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि २०१० मध्ये डॉक्टरेट मिळवली.

आणि वडिलांच्या वैराचं त्यांनी काय केलं? १९८१ मध्ये ते बीजिंगला जाऊन तंग श्याओफिंग यांना भेटले. ज्या पक्षाच्या राज्यात बाप मारला गेला, त्याच पक्षाच्या नेत्याला. ही क्षमा होती की वर्तमानपत्राच्या मालकाचं व्यवहारज्ञान, हे मी ठरवू शकत नाही. पण १९८९ मध्ये बीजिंगमध्ये लष्करी कायदा लागू झाला, तेव्हा हाँगकाँगसाठी मूलभूत कायद्याचा मसुदा करणाऱ्या समितीतून ते बाहेर पडले. म्हणजे वैर सोडलं तरी चुकीला चूक म्हणणं सोडलं नाही. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात, हे आपण पर्युषणात ऐकतो. जगून दाखवणारे थोडे.

३० ऑक्टोबर २०१८ रोजी, चौऱ्याण्णव्या वर्षी, हाँगकाँगमध्ये ते गेले.

तर काकू, हो, मी मारामारीच्या कादंबऱ्या वाचते. त्यांत तलवारी खूप आहेत. पण त्या तलवारींनी कुणाचंही भलं झालेलं मला दिसलं नाही, आणि लेखकालाही दिसलं नसावं. पुढच्या खेपेला पहिला खंड आणून देते. मांसाहाराची पानं आली की सरळ उलटा, आणि त्या झाडूवाल्या भिक्षूची गोष्ट मी तुम्हाला तोंडी सांगेन.